एका माणसाची शेव

बाबाराव ताकसांड्यांची साखर तीनशे शहाऐंशी निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "काका, खाता तरी काय तुम्ही?"

बाबाराव या प्रश्नाचीच वाट पाहत होते. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरी केलेला माणूस. पुरावा सोबत घेतल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडत नसे. त्यांनी पिशवीतून 'मधुसखा मिक्स्चर'चं रिकामं पाकीट काढलं आणि तळहातानं सपाट करून डॉक्टरीणबाईंपुढे सरकवलं. पाकिटावर एक पांढऱ्या केसांचा म्हातारा एका पायावर उभा राहून हसत होता.

"हे खातो मी मॅडम. खास शुगरवाल्यायसाठीच काढलं हाय. अठ्ठ्याण्णव कॅलरी. वाचा तुमी."

"पूर्ण पाकीट खाता?"

"अर्ध्या पाकिटाले रबर लावून ठेवाची आमच्या घरी रीत नाई जी."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं, मग मोबाईलचा टॉर्च लावला. अक्षरं खसखशीएवढी होती. "काका, हे अठ्ठ्याण्णव एका सर्व्हिंगचं आहे. सर्व्हिंग म्हणजे एका माणसाचं एका वेळचं. ते यांनी वीस ग्रॅम धरलंय. या पाकिटात साडेनऊ सर्व्हिंग आहेत."

बाजूच्या स्टुलावर त्यांची बायको धुरपताबाई बसल्या होत्या. आता त्या पुढे वाकल्या. "म्हंजे यायनं साडेनऊ माणसायचं खाल्लं? रोज?"

"रोज नाई," बाबाराव म्हणाले. "एक दिवसाआड."

परतीच्या बसमध्ये बाबाराव पिपरी मेघे गाव मागे पडेपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत राहिले. खिडकीबाहेर कपाशी वेचून झालेली वावरं पळत होती. मग एकदम म्हणाले, "नऊ फुल अन् एक हाफ."

"काय?"

"साडेनऊ सर्व्हिंग. नऊ फुल तिकिटं अन् एक हाफ. हिशोब बराबर हाय त्यायचा. अर्धा माणूस असते. मी सोता किती अर्धी माणसं बसवली गाडीत."

धुरपताबाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोक्यात वीस ग्रॅम घोळत होते. आंजीला, आपल्या गावी, उतरल्यावर त्या घरी न जाता थेट बचत गटाच्या शेडमध्ये गेल्या. त्यांच्या 'उजेड' गटातल्या दहा बाया तिथे ज्वारीची लसूण शेव करत. गटाचा इलेक्ट्रॉनिक काटा काढून त्यांनी त्यावर बशी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि चिमटीचिमटीनं शेव सोडली. वीस ग्रॅमला काटा थांबला. बशीच्या मध्यभागी मुंग्यांच्या वारुळाएवढी टेकडी दिसत होती.

"हे एका माणसाचं?" सुलोचनाबाईंनी विचारलं. त्या गटात भाजण्या-तळण्याचं काम पाहत आणि गावभर बातम्या पोचवण्याचंही. "हे तं चिमणीसमोर ठेवलं तं चिमणी मालकाले बोलवन."

झालेली सगळी गोष्ट धुरपताबाईंनी सुलोचनाबाईंना सांगितली, ही त्यांची चूक. दिवेलागणीला बाबाराव पानठेल्यावर गेले, तर तिथली माणसं उठून उभी राहिली आणि म्हणाली, "या साडेनऊ, बसा. जागा पुरते का?"

त्या दिवसापासून बाबाराव पानठेल्यावर जायचे थांबले. घराच्या पडवीत खुर्ची टाकून रस्त्यावरची रहदारी पाहत बसू लागले. धुरपताबाईंचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं, कारण नेमक्या त्याच आठवड्यात गटाच्या शेवेला पहिल्यांदा छापील लेबल लागायचं होतं.

लेबल करून देणारा आदेश वर्ध्याहून आला. पोरगा हुशार, गळ्यात लॅपटॉपची बॅग, बोलणं गोड. दोनशे ग्रॅमच्या पाकिटासाठी त्यानं नमुना करूनच आणला होता. धुरपताबाईंची सून मेघा बी.एस्सी. झालेली, तिनं तो मोठ्यानं वाचला. "प्रमाण, एका वेळचं, पंधरा ग्रॅम."

"पंधरा?" धुरपताबाई म्हणाल्या. "त्या मधुसख्यावाल्यानं निदान वीस तरी लिहले होते!"

"काकू, जितकं कमी लिहू तितकं तेल कमी दिसते. पंधरा ग्रॅमले पाच ग्रॅम तेल. लोकायले बरं वाटते. सगळेच असं करतात."

"पन पंधरा ग्रॅम खाते कोन?"

"खात कोनीच नाई. थे फक्त लिहाचं असते."

धुरपताबाईंनी तो कागद उलटा करून ठेवला. "आपल्या पाकिटावर खरं लिहू. एक मानूस जेवढं खाते तेवढं."

आदेश हसला. "आता थे कसं समजन काकू? मोजून पाहा मंग गावाले."

त्यानं हे थट्टेत म्हटलं होतं. पण धुरपताबाईंना थट्टा ओळखायची सवय नव्हती. रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या अंगणात सतरंज्या पडल्या, वीस स्टीलच्या कटोऱ्या मांडल्या गेल्या आणि गावातली वीस माणसं खायला हजर झाली. दहा पुरुष, दहा बाया, म्हातारे, तरणे, सगळे. मेघाकडे काटा आणि वही. साखरेमुळे बाबारावांना खाणाऱ्यांत घेतलं नव्हतं, म्हणून त्यांना वेळ पाहायचं काम दिलं. ते जुनी शिटी घेऊन खुर्चीवर बसले. नियम सोपा होता. शिटी वाजली की खायचं, घरी खाता तसं खायचं, अन् पोट भरलं की कटोरी मेघाकडे द्यायची.

बाबारावांनी शिटी फुंकली. अंगणात अशी शांतता पसरली की जणू कुणी गेलंय. माणसं एकमेकांकडे पाहत होती. प्रेमदास भाऊंनी दोन बोटांनी तीन काड्या उचलल्या आणि तोंड झाकून चावल्या. घरी डब्यात हात घातला की तळ लागेपर्यंत न काढणाऱ्या सुलोचनाबाईंनी चार काड्या खाऊन पदरानं ओठ टिपले. "बास बाई," त्या म्हणाल्या. "भल्ली जड असते शेव."

पाच मिनिटांत एक सोडून बाकी कटोऱ्या परत आल्या. मेघानं बेरीज केली, भागाकार केला आणि पुन्हा केला.

"आई, सरासरी नऊ ग्रॅम."

आदेश मजा पाहायला मुद्दाम वर्ध्याहून आला होता. तो मांडीवर हात मारून हसला. "काकू, मधुसखावाला तं दानशूर निघाला! वीस देऊन राह्यला थो!"

धुरपताबाईंचा चेहरा उतरला. लोकांपुढे मोजणार म्हटल्यावर माणूस लाजणारच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या उठल्या, शेवेचा डबा कडेवर घेतला आणि पंगतीत शिरल्या. "असं कसं? इतकीच? मी केलेली आवडली नाई का? प्रेमदास भाऊ, तुमाले माह्या गळ्याची आन हाय." मग कुणाची काय बिशाद! कटोऱ्या भरल्या, रिकाम्या झाल्या, पुन्हा भरल्या. हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून धुरपताबाईंनी शेव आत सोडली. या खेपेला सरासरी पंच्याऐंशी आली.

"मंग खरी कोनती?" आदेशनं विचारलं. "नऊ का पंच्याऐंशी?"

उत्तर द्यायच्या आतच प्रेमदास भाऊ सुलोचनाबाईंना म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नातल्या दोन खुर्च्या तुमच्या घरी गेलत्या. अजून परत आल्या नाईत."

"माह्या घरी? निळ्या का पांढऱ्या?"

"पांढऱ्या."

"माह्या घरी निळ्या हायेत. पांढऱ्या नत्थूजीकडं पाहा."

यावर अंगणाचे दोन भाग झाले. निळ्या म्हणणारे आणि पांढऱ्या म्हणणारे. भांडण अर्धा तास चाललं, आणि मेघाच्या लक्षात आलं की एका हाताचं बोट समोरच्याकडे रोखलेलं असलं, तरी दुसरा हात कटोरीत सारखा जा-ये करतो आहे. ती गुपचूप डबा फिरवत राहिली आणि वहीत लिहीत राहिली. बाबारावांनी शेवटी दोनदा शिटी मारली. सवयीनं सगळे जागेवर बसले. भांडतानाची सरासरी एकशे तीस भरली.

पण त्यात नत्थूजी नव्हते. भांडणात आपलं नाव निघालं तरी त्यांनी मान वर केली नव्हती. कोपऱ्यात बसून सत्तरीचे नत्थूजी पहिल्या शिटीपासून एकाच गतीनं खात होते. आता त्यांनी सहावी कटोरी पुढे केली.

"नत्थूजी, किती झालं?" धुरपताबाईंनी विचारलं.

"सहाशे दहा," मेघा म्हणाली.

"काल सकाळपासून उपाशी हावो," नत्थूजी म्हणाले. "परीक्षा हाय म्हनल्यावर तयारीनं याव लागते. पास झालो का?"

मेघानं समजावलं की बाबा, यात पास-नापास नसतं. उलट एवढा मोठा आकडा धरला तर सगळ्या गावाची सरासरी बिघडते, म्हणून तुमचा आकडा बाजूला काढावा लागेल. नत्थूजींनी कटोरी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "मी या गावात जलमलो. मतदार यादीत माहं नाव हाय. अन् शेवेच्या यादीतून काऊन काढता मले?"

प्रश्न बिनतोड होता. हात वर करून मतदान झालं. नत्थूजींना ठेवावं या बाजूनं अकरा हात पडले, काढावं या बाजूनं आठ. नत्थूजींनी स्वतः मत दिलं नाही, कारण दोन्ही हात शेवेत होते. ठरलं असं, की ते सरासरीत नसतील, पण वहीत त्यांची वेगळी ओळ असेल.

आता एवढ्या आकड्यांचं काय करायचं, हे धुरपताबाईंना कळेना. त्या दिवसभर शेडमध्ये आणि संध्याकाळी वही घेऊन बसत. असे तीन-चार दिवस गेले. शुक्रवारी मेघा शेडमध्ये आली आणि तिनं एक वेगळा कागद सासूपुढे ठेवला. त्यावर फक्त आठवड्याचे वार आणि पुढे आकडे होते. सोमवार एकशे ऐंशी. मंगळवार वीस. बुधवार एकशे सत्तर. गुरुवार एकशे पंच्याहत्तर.

"हे कोनाचं?"

"घरच्या डब्याचं. मी रोज सकाळी अन् संध्याकाळी वजन करून राह्यली होती."

धुरपताबाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांच्या कपाळाची शीर उठली. "तीनशे शहाऐंशी साखर असून हा मानूस चोरून शेव खाऊन राह्यला? तेही माह्याच हातची?"

"चोरून काऊन म्हनता आई? डबा पडवीतल्या फळीवर उघडाच असते. कोनी विचारलं असतं तं बाबानं सांगितलं असतं."

"अन् मंगळवारी काय डब्याले कुलूप होतं?"

"मंगळवारी लाईन नव्हती. शेड बंद होती. तुमी घरी होत्या." मेघानं जरा थांबून सांगितलं, "पडवीत बसून तुमी दोघं दुपारभर लसूण सोलत होते."

धुरपताबाईंनी कागदावरची मंगळवारची ओळ पुन्हा वाचली. गट सुरू झाल्यापासून त्या सकाळी नऊला निघत आणि सहाला परतत. बाबाराव निवृत्त झाल्याला दोन वर्षं झाली होती. पोरगा अंकित बुटीबोरीच्या कारखान्यात. पानठेलाही सुटलेला. त्या माणसाचा दिवस कसा जातो, हे त्यांनी विचारलं नव्हतं. बत्तीस वर्षं ज्याच्या अंगावर रोज चारशे माणसं आदळत होती, तो आता पडवीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधली डोकी मोजत होता. त्यांनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली आणि आदेशला फोन लावला.

"लिहून घे रे पोरा. मी सांगतो तसंच छापाचं."

आदेशनं खूप विनवण्या केल्या, पण लेबल छापलं गेलं ते असं:

*एका माणसाचं प्रमाण. लाजत खाल्ल्यास ९ ग्रॅम. आग्रह झाल्यास ८५ ग्रॅम. भांडण चालू असल्यास १३० ग्रॅम. एकटं बसल्यास १७५ ग्रॅम. (नत्थूजी ६१०.) पूर्ण पाकिटात तेल ६६ ग्रॅम. पाहून खावे.*

फेब्रुवारीत वर्ध्याला बचत गटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं, तिथे 'उजेड'चा स्टॉल लागला. पहिल्या दिवशी एका पोरानं पाकीट वाचलं, हसत सुटला आणि फोटो काढून कुठेकुठे पाठवला. दुसऱ्या दिवशी स्टॉलपुढे रांग लागली. कॉलेजच्या पोरी म्हणत, "मावशी, भांडणवालं द्या." सगळी पाकिटं एकसारखीच आहेत, हे मेघानं शंभरदा सांगितलं. नवीन लग्न झालेलं एक जोडपं 'लाजत'वालं मागायला आलं आणि न घेताच लाजून निघून गेलं. नत्थूजी तिन्ही दिवस स्वखर्चानं आले आणि स्टॉलशेजारी धुवट टोपी घालून उभे राहिले. "कंसातला तो मीच," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेबलं तपासणारे साहेब आले. पन्नाशीचे, शर्टाला कडक इस्त्री. त्यांनी पाकीट दोन्ही बाजूंनी वाचलं आणि तोंडातल्या तोंडात पुन्हा वाचलं.

"हे चालणार नाही बाई. प्रमाणाचा आकडा एकच लागतो."

"कोनता लिहू? तुमी सांगा साहेब."

"ते मी कसं सांगू? ते उत्पादकानं ठरवायचं."

"मंग बसा. दोन घास खा अन् सांगा, एक मानूस किती खाते थे."

"मी ड्युटीवर काही खात नाही," साहेब म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मग त्यांनी एकच आकडा का लागतो हे समजावायला सुरुवात केली. आकड्याशिवाय ग्राहकाची दिशाभूल कशी होते, दोन पाकिटांची तुलना कशी करता येत नाही, एका प्रकरणात काय झालं, दुसऱ्यात काय झालं. ते पंचवीस मिनिटं बोलले. समोरची कटोरी मेघा भरत होती आणि साहेबांचा हात आपल्याआप तिच्यात जात होता. शेवटी बोटं कटोरीच्या तळाला लागून खडखड वाजली, तेव्हा ते दचकले.

"एकशे पंचेचाळीस," मेघा हळूच म्हणाली.

"हे कशात बसते साहेब?" धुरपताबाईंनी मनापासून विचारलं. "भांडणात नाई धरता येत. तुमी तं समजावून राह्यले होते."

साहेबांनी रुमालानं बोटं पुसली. मग पाकीट उचलून त्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे एकटं बसल्यास... हे कसं मोजलं तुम्ही?"

"घरच्या मानसावर मोजलं. चार दिवस."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. त्यांचं बिऱ्हाड अकोल्याला होतं आणि ते इथे दोन वर्षं एका खोलीत राहत होते, हे त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. "माझं थोडं जास्तच भरेल."

उठताना त्यांनी तोड काढून दिली. आकडा माणसाला जुळत नाही तर पाकीट जुळवा. मोठं पाकीट बंद करा, एका माणसाचंच पाकीट काढा, आणि पूर्ण पाकिटाचं तेल मोठ्या अक्षरात समोर लिहा. मग एकच आकडा लागतो आणि खोटंही लिहावं लागत नाही. जुनी लेबलं मात्र आजच्या आज काढायची. एवढं सांगून त्यांनी स्टॉलवरची दोन पाकिटं विकत घेतली. लेबल काढू का, असं मेघानं विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. ही घरी वाचायला आहेत."

नवं पाकीट नव्वद ग्रॅमचं निघालं. आदेशनं या खेपेला अक्षरं इतकी मोठी छापली की शेव दिसायला खिडकीच उरली नाही. नत्थूजींचं नाव गेलं म्हणून ते आठ दिवस धुरपताबाईंशी बोलले नाहीत. मग एक दिवस शेडवर येऊन सात पाकिटं घेऊन गेले. खप थोडा वाढला, फार नाही. बाबारावांची साखर महिन्यानं दोनशे अठरावर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून जास्तच आहे. बाबाराव म्हणाले, मॅडम, उतार लागला म्हंजे गाडी आपोआप येते.

धुरपताबाई आता चार वाजता शेडमधून घरी येतात. पहिल्या दिवशी त्या आल्या, तेव्हा बाबाराव घाबरून खुर्चीवरून उठले होते.

"काय झालं? कोनी पडलं का?"

"काई नाई झालं. चहा घेऊ म्हनलं."

दोघं पडवीत बसले. चहा झाला. आर्वीकडून येणारी बस समोरून गेली.

"किती मानसं होती?" धुरपताबाईंनी विचारलं.

"एकोणचाळीस," बाबाराव म्हणाले. "पन उभे नव्हते कोनी. ह्या गाडीत पयले उभ्यालेही जागा नसे. एकदा अशी गर्दी होती का एक बाई बकरी घेऊन चढली, अन् सेलूचा एक मास्तर मले म्हने, बकरीचं तिकीट पयले फाडा..."

शेडच्या बाजूनं मेघानं हाक मारली. काट्याचा सेल संपला होता आणि नवा सेल धुरपताबाईंच्या पिशवीत होता.

"येतो वो, थांब जराशीक," धुरपताबाईंनी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं आणि पाय खुर्चीवर घेतले. "मंग? फाडलं का तुमी बकरीचं?"